पुढच्या टाकीतलं पाणी

१

पुढच्या टाकीत लिटरभर पाणी सापडल्याचा फोन आला आणि तासाभरात माझ्या हातातली किल्ली गेली.

रविवारची दुपार होती. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, संजीवच्या बेसमेंटमध्ये आम्ही सगळे जमलो होतो. विषय एकच, ऐरावत. ऐरावत म्हणजे आमची चाळीस फुटी मोटरहोम. आत ओटा, पलंग, बाथरूम, सगळा संसार. तीन मराठी कुटुंबांनी मिळून ती घेतली आणि चालवायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिचे ब्रेक ट्रकसारखे दाबलेल्या हवेवर चालतात. ते समजून घ्यायचा उत्साह बाकी कोणाला नव्हता. मी चिंचवडच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर हाउसला अठ्ठावीस वर्षं काढली. दाबलेल्या हवेशी माझा संसार प्रल्हादशी झाला त्याच्या आधीपासून आहे. प्रल्हाद म्हणजे माझा नवरा. मी त्याला नावाने हाक मारते, सासरच्यांना ते अजून पचलेलं नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी, मी नऊ जणांना संक्रांतीच्या कार्यक्रमाला ग्रँड रॅपिड्सला घेऊन निघाले होते. बाहेर शून्य फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबात उणे अठरा. हायवे सोडून खाली उतरताना ब्रेकवर पाय दिला तर पुढची चाकं धरेचनात. मागच्यांनी धरलं, गाडी तिरकी झाली. वेग कमी झाल्यावर पार्किंग ब्रेकचं पिवळं बटण ओढून मी ती रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात घातली. माणसं वाचली. तिसऱ्या कुटुंबातल्या राधिकाच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, नेत्राच्या कपाळाला मात्र टेंगूळ आलं.

"गॅरेजवाल्याने क्लिअर सांगितलंय," संजीव म्हणाला. हा संजीव ऑटो कंपनीत मॅनेजर आहे, पॉवरपॉइंटमधल्या गाड्या उत्तम चालवतो. "फ्रंट टँकमध्ये पाणी होतं. ते पुढच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत गेलं आणि तिथे फ्रीज झालं. टँक ड्रेन करणं ही काकूंची जबाबदारी. काकू, डोंट टेक इट पर्सनली, पण वय होतंच ना."

"तीस नोव्हेंबरला गाडी लावली तेव्हा तिन्ही टाक्या मी रिकाम्या केल्यात," मी म्हणाले.

"तुम्हाला तसं वाटतंय."

"मला वाटत नाही. मी केल्यात."

त्याने मत घ्यायचं ठरवलं. काकूंनी किल्ली तात्पुरती जमा करावी, पुढच्या रविवारी चार वाजता कायमचा निर्णय. त्याचा हात वर गेला. मग यतीनचा, म्हणजे राधिकाच्या नवऱ्याचा. राधिकाने मुलीच्या कपाळाकडे बघितलं आणि हात वर केला. प्रल्हादचा हात कानापर्यंत गेला आणि तिथे तो खाजवायला लागला.

मी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आठवडाभर सांभाळ. पुढच्या रविवारी तू स्वतः ती माझ्या हातात देणार आहेस."

संध्याकाळपर्यंत ‘ऐरावत परिवार’ या ग्रुपवर संजीवचा मेसेज पडला. लता काकूंच्या अनवधानामुळे अपघात घडला, सध्या त्या गाडी चालवणार नाहीत. तेवीस जणांनी वाचला. अकरा जणांनी हात जोडले, जणू मी गेले होते.

२

"माफी मागून टाक ना," प्रल्हाद म्हणाला. "विषय संपेल."

"मी न केलेल्याची?"

"लोक विसरतात गं."

"मी नाही विसरत," मी म्हणाले आणि आमच्या घरच्या गाडीची चावी घेऊन गॅरेजला गेले.

गॅरेज डेल नावाच्या माणसाचं. साठीचा, कोपरापर्यंत ग्रीस, बोलायला आळशी. संजीवने त्याला फोनवर एकच प्रश्न विचारला होता, चूक कोणाची. डेल म्हणाला होता, टाकीत पाणी आहे म्हणजे कोणीतरी ती रिकामी केली नाही. मी त्याला वेगळे प्रश्न विचारले. ते त्याला आवडले असावेत, कारण त्याने मला बसायला बादली पालथी करून दिली.

आता जरा गाडीचं पोट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. हवेत वाफ असतेच. हवा दाबली की त्या वाफेचं पाणी होतं. इंजिनावरचा कॉम्प्रेसर हवा दाबतो. ती आधी ड्रायरमधून, म्हणजे पाणी शोषणाऱ्या डब्यातून जाते. मग पहिल्या टाकीत येते, आणि तिथून मागच्या व पुढच्या ब्रेकच्या टाक्यांत वाटली जाते. मध्ये झडपा असतात, त्यामुळे हवा उलटी फिरत नाही. प्रत्येक टाकीच्या बुडाला एक दोरी लोंबते. ती ओढली की उरलंसुरलं पाणी फुस्सकन बाहेर येतं.

"पहिल्या टाकीत किती पाणी होतं?" मी डेलला विचारलं.

"थेंब नाही."

"मागच्या?"

"तीही कोरडी."

"आणि ड्रायर?"

"नव्यासारखा. सप्टेंबरमध्ये बदललाय ना तुम्ही?"

मी बादलीवरून उठले. ड्रायर चालत नसता, किंवा मी टाक्या रिकाम्या केल्या नसत्या, तर पाणी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पहिल्या टाकीत सापडलं असतं. पहिली खोली कोरडी ठेवून पूर आतल्या खोलीत कसा येईल?

"ते पाणी दिसायला कसं होतं? दुधाळ? तेलकट?"

डेलने कोपऱ्यातली बाटली उचलून दाखवली. इंजिनाकडून आलेल्या पाण्याला थोडं तरी तेल लागलेलं असतं. या पाण्यावर तेलाचा तवंगही नव्हता. रंग फिक्क्या चहासारखा, तळाशी थोडा गंज.

"तुमच्या टाक्यांना आतून गंज नाही," डेल म्हणाला. "मी कॅमेरा घालून बघितलंय."

मी फोन काढला. गाडी लावताना आणि गाडी काढताना मी डॅशबोर्डचा फोटो काढून ग्रुपवर टाकते. कॉम्प्रेसर हाउसमध्ये पाळी बदलताना आकडे लिहायची सवय, दुसरं काही नाही. ते फोटो कोणी बघत नाही, फारतर अंगठा दाखवतात. तीस नोव्हेंबरचा फोटो आणि सतरा जानेवारीचा, इंजिन सुरू करण्याआधीचा फोटो मी शेजारी शेजारी धरले. इंजिन किती तास चाललं ते सांगणारं मीटर दोन्हींत सारखंच. म्हणजे सात आठवडे इंजिन एकदाही सुरू झालं नव्हतं. बंद इंजिन हवा दाबत नाही आणि पाणीही बनवत नाही. म्हणूनच निघताना मी दोऱ्या पुन्हा ओढल्या नव्हत्या. ओढायला हव्या होत्या, एवढं मी मान्य करते.

पण मग माझं लक्ष हवेच्या काट्यांकडे गेलं. जानेवारीच्या फोटोत मागच्या टाकीचा काटा शून्यावर होता. पुढच्या टाकीचा काटा चाळिसावर होता. त्या दिवशी तो मला दिसला होता. थंडीने अडकला असेल म्हणून मी त्याला टिचकी मारली होती, मूर्खासारखी!

इंजिन बंद असताना कोणीतरी माझ्या गाडीत हवा भरली होती.

३

गाडी सुलेखाच्या शेडमध्ये असते. सुलेखा मूळची नागपूरची, नवरा गेल्यावर एकटीच राहते, हॉस्पिटलमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळी सहाला जाते ती संध्याकाळी सहाला परत. घरामागे तिच्या नवऱ्याने बांधलेली मोठी शेड आहे. पाइप फुटू नयेत म्हणून ती गोठणबिंदूच्या जराशी वर ठेवलेली असते. आत बर्फाने माखलेली तिची गाडी रात्रभर ठिबकते, त्यामुळे जमीन कायम ओली आणि भिंतींना घाम. दाराला कोड आहे, तो तिन्ही कुटुंबांना ठाऊक.

"माझ्यावर संशय घेऊन राहिली का तू?" सुलेखाने दारातच विचारलं.

"घेऊ का?"

"घे बाप्पा. ते धूड शेडमधून हलवा म्हणून मी दिवाळीपासून सांगून राहिले. पण त्यासाठी लेकरं असलेली गाडी नाही पाडणार मी."

ती खरं बोलत होती. सुलेखाला राग आला की ती तोंडावर सांगते, आणि मग पोहे करते. त्या दिवशीही केले.

शेडच्या कोपऱ्यात तिच्या नवऱ्याचा छोटा लाल कॉम्प्रेसर होता, टायरमध्ये हवा भरायचा. आजूबाजूच्या सगळ्या सामानावर बोटभर धूळ आणि याच्या मुठीवर काहीच नाही. मी गुडघे टेकले. खालची चकती फिरवून त्याच्या टाकीतलं पाणी एका ग्लासात काढलं. त्याची टाकी सुलेखाच्या नवऱ्याच्या पश्चात कोणी रिकामी केली नसणार. ग्लास उजेडात धरला. फिक्क्या चहाचा रंग, तळाला गंज.

"अगं, हे काय पिऊन राहिली का काय?" सुलेखा ओरडली.

"याला तेल लागत नाही आणि ड्रायरही नाही," मी म्हणाले. "शेडमधली ओली हवा दाबतो आणि पाण्यासकट पुढे ढकलतो."

ऐरावतच्या तोंडाशी, समोरच्या झाकणाआड, हवेची एक तोटी आहे. गाडी बंद पडली तर टोइंगवाले तिच्यातून हवा भरतात. ती थेट पुढच्या टाकीला जोडलेली आहे. पहिली टाकी, ड्रायर, सगळं बाजूला राहतं. कसं घडलं ते आता सरळ होतं. का घडलं ते कळत नव्हतं.

"सुलेखा, डिसेंबरपासून इथे काही वेगळं घडलं?"

तिने आठवून सांगितलं. "शेडची लाइट गेली होती, दोनदा. ब्रेकर उडाला होता. मी ड्यूटीवरून आले तर अंधार. एकावेळी दोन जड वस्तू लावल्या का उडते ना तो. मी म्हटलं उंदीर असतील."

"वार कोणता?"

"मंगळवार होता एकदा. दुसऱ्यांदा गुरुवार."

एक जड वस्तू हा कॉम्प्रेसर, दुसरी हीटर असणार. उंदीर हीटर लावत नाहीत. माझा चोर आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामाच्या वेळी, शेडमध्ये ऊब घेत बसत होता.

४

संजीवला मी त्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाठलं.

"गाडी विकायची तुझी फार इच्छा आहे ना रे?"

"इच्छा नाही काकू, प्रॅक्टिकल आहे. मला स्वतःला चालवायला जमत नाही, मग एका माणसावर डिपेंड राहायचं? तुम्ही अजून इन्व्हेस्टिगेशन करताय? यार, लेट इट गो."

"समोरच्या झाकणाआड काय असतं?"

"वायपरचं पाणी?" तो म्हणाला.

संजीव खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याला खरंच माहीत नव्हतं. आमच्यापैकी ती तोटी दोघांनीच बघितली होती. मागच्या वर्षी ओहायोत गाडी अडकली तेव्हा टोइंगवाल्याने तिथून हवा भरली. मी नळी धरली होती आणि माझ्यामागे एकाने टॉर्च धरला होता.

तरी मी घाई केली नाही. बुधवारी संध्याकाळी तिळाचे लाडू घेऊन राधिकाकडे गेले. तिने दार उघडलं, नजर मात्र टाळली.

"काकू, मी हात वर केला म्हणून तुम्ही..."

"लेकीला लागलं, तू केलास. तुझ्यावर राग नाही."

नेत्रा कपाळाला बर्फाची पिशवी लावून सोफ्यावर होती. "It doesn't even hurt, Lata Aaji," ती म्हणाली आणि दोन लाडू घेऊन वर पळाली.

"यतीन कुठे?"

"येईलच. डिसेंबरपासून कंपनीने पाच दिवस ऑफिस कम्पल्सरी केलंय. आधी दोनच दिवस जायचा, कॅफेटेरियात खायचा. आता टिफिन नेतो. डबा परत येतो तो घासून, पुसून. मी म्हटलं, चला, ऑफिसने तेवढं तरी वळण लावलं."

तेवढ्यात यतीन आला. मूळचा नाशिकचा, सदतीस वर्षांचा, आवाज न चढवणारा मुलगा. शनिवारच्या सहलीला तो आला नव्हता, काम आहे म्हणाला होता. मला बघून त्याने बूट काढायला जास्तच वेळ घेतला.

"काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "एवढ्या जुन्या गाडीत होतं असं. बाकी सस्पेन्शन वगैरे तर मस्त आहे. दार अडकायचं, तेही आता पटकन उघडतं."

मी लाडवाचा तुकडा मोडला आणि खाल्ला. दाराची गंमत तुम्हाला सांगायची राहिली. ऐरावत चाकांवर नाही, हवेच्या फुग्यांवर उभा असतो. चार दिवस उभा राहिला की डावीकडचे फुगे बसतात, सांगाडा मुरगळतो आणि दार चौकटीत अडकतं. हवा भरली की गाडी सरळ होते आणि दार सुटतं. हे फुगे पुढच्याच टाकीतून भरतात. सतरा तारखेला सात आठवडे उभी असलेली गाडी मला सरळ दिसली होती, आणि दार एका बोटाने उघडलं होतं. मी खूश झाले होते. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि तीस नोव्हेंबरला निघताना ते दार मी लाथ मारून बंद केलं होतं. यतीनने स्वतः बघितलं होतं. आणि ओहायोत टॉर्च धरणाराही तोच.

घरी येऊन प्रल्हादला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला.

"लता, त्याची नोकरी गेली असणार गं. व्हिसा आहे. साठ दिवसांत दुसरी नाही मिळाली तर सगळं गुंडाळून परत. बायकोला सांगितलं नसणार. तू... तू घेतलंस अंगावर तर? तुझं काय जातंय, तुला कुठे नोकरी करायचीय?"

माझं डोकंच फिरलं. अठ्ठावीस वर्षांत माझ्या पाळीत एकदाही टाकी भरलेली सापडली नाही. कारखान्यात बाई म्हणून पहिल्या दिवशी जे हसले होते, त्यांनीच निरोपाला भाषणं केली. आणि इथे एका माणसाचं झाकायला मी म्हातारी, विसराळू, नऊ जिवांना बर्फात घालणारी ठरायचं?

"माझं नाव जातंय," मी म्हणाले. "ते द्यायला मी काही धर्मशाळा उघडलेली नाही."

गाडी आता डेलच्या गॅरेजमध्ये होती. म्हणजे रोज सकाळी आठला टिफिन घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला नवी जागा लागणार. ऊब हवी, वीज हवी, इंटरनेट हवं, आणि दिवसभर बसलं तरी कोणी हटकायला नको. ट्रॉयमध्ये अशी जागा मला एकच माहीत होती.

५

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तो लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी बसलेला सापडला. लॅपटॉप उघडा, पायाशी टिफिनची पिशवी. मी समोरची खुर्ची ओढली.

"कधी गेली?"

काय गेली, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. "आठ डिसेंबर. सकाळी नऊला मीटिंग, सव्वानऊला अकाउंट बंद."

"आणि रोज ऐरावतमध्ये जाऊन बसलास. दार अडकलं म्हणून हवा भरलीस."

"पहिल्या दिवशी खांद्याने ढकलून उघडलं. मग आठवलं, तुम्ही म्हणाला होतात, हवा भरली की सुटतं. इंजिन लावलं असतं तर शेजारच्यांना आवाज गेला असता, मीटर पुढे गेलं असतं. म्हणून तो लाल कॉम्प्रेसर. रोज सकाळी दहा मिनिटं." त्याने डोळे चोळले. "काकू, शपथ, हवेतून पाणी जातं हे मला माहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरवाला माणूस."

"ते मला पटतं."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. तो मी पुरता टाकू दिला नाही.

"रविवारी संजीव म्हणाला, पुढच्या टाकीत पाणी. तेव्हा कळलं होतं?"

त्याने लॅपटॉप मिटला.

"कळलं होतं," तो म्हणाला.

"आणि हात वर केलास."

"राधिका शेजारी बसली होती काकू. मी काय..."

"पाणी भरलंस त्याचा मला राग नाही, यतीन. अडाणीपणाने भरलंस. हात मात्र समजून वर केलास. त्याचा मला इतका राग आहे की समोर बसवत नाहीये."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

"राधिकाला सांगू नका," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत काहीतरी होईल. एक इंटरव्ह्यू लागलाय."

"साठातले पंचेचाळीस दिवस लपण्यात घालवलेस. ज्यांच्या ओळखी होत्या त्या सगळ्यांपासून लपलास. राधिकाला सांगणं तुझं काम, ते मी करणार नाही. माझं नाव सोडवणं माझं काम, ते मी रविवारी चार वाजता करणार. मधले तीन दिवस तुझे."

मी उठले. तो म्हणाला, "आणि मी नाही बोललो तर?"

"तर मी बोलेन," मी म्हणाले.

६

रविवारी संजीवच्या बेसमेंटमध्ये सगळे होते. सुलेखालाही मी बोलावून घेतलं होतं. राधिका यतीनशेजारी बसून नेत्राच्या शाळेबद्दल काहीतरी सांगत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, तीन दिवस वाया गेले होते.

मी टेबलावर डेलची बाटली ठेवली आणि शेजारी सुलेखाकडचा ग्लास. पहिली टाकी कोरडी का, ते सांगितलं. तेल का नाही, ते सांगितलं. मग सगळ्यांना आपापल्या फोनवर माझे दोन फोटो उघडायला लावले.

"हे फोटो आठ दिवस तुमच्या खिशात आहेत," मी म्हणाले. "काटा बघा. चाळीस. इंजिन बंद. मीटर जागच्या जागी. पाणी इंजिनाने बनवलेलं नाही, माझ्या विसरण्यानेही नाही. ते समोरच्या तोटीतून, सुलेखाच्या शेडमधल्या लाल कॉम्प्रेसरने, बाहेरून भरलं गेलंय."

संजीवने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. "ओके. इंटरेस्टिंग. पण भरलं कोणी? शेड सुलेखाताईंची..."

"माझं नाव घेतलं तर रक्त काढीन तुझं," सुलेखा म्हणाली, "आणि मला ते येते."

"मग नाव सांगा ना काकू. नाव नाही तर ही फक्त थिअरी आहे. किल्ली इथेच राहील."

प्रल्हाद माझ्याकडे बघत होता. विनवणीच होती ती. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"यतीन," मी म्हणाले, "तू बोलतोस की मी?"

राधिका हसली, तिला वाटलं काहीतरी गंमत आहे. मग तिने नवऱ्याचा चेहरा बघितला. यतीन उभा राहिला. सगळं सांगितलं, आठ डिसेंबरपासून. मधे दोनदा थांबला, पण बसला नाही. शेवटी म्हणाला, "मागच्या रविवारी मला माहीत होतं. तरी मी हात वर केला. काकू, चुकलं माझं."

राधिका रडली नाही, ओरडली नाही.

"नोकरी गेली ते राहू दे," ती म्हणाली. "नेत्रा होती त्या गाडीत. आठ दिवस मी तिच्या कपाळाला बर्फ लावतेय आणि काकूंना शिव्या देतेय. आणि तू मला ते करू दिलंस."

त्याने मान खाली घातली.

"किती दिवस उरलेत?" तिने विचारलं.

"बारा."

"फोन काढ. ग्रुपवर टाक. आत्ता."

"ग्रुपवर? तेवीस जण..."

"काकूंचं नाव तेवीस जणांत गेलं ना? टाक."

त्याने टाकलं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनवर वाचलं. ‘टाकीत पाणी माझ्यामुळे गेलं, लता काकूंमुळे नाही. माझी नोकरी आठ डिसेंबरला गेली. सहा फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. कुठे ओपनिंग असेल तर सांगा.’ दोन मिनिटं काहीच नाही. मग पूर्वी आमच्याबरोबर सहलींना येणाऱ्या आणि आता टेक्सासात राहणाऱ्या गुरुनाथचा अर्विंगहून मेसेज आला, रेझ्युमे पाठव, आमच्या टीममध्ये दोन जागा आहेत, गॅरंटी नाही. मग तशीच नॉर्थ कॅरोलायनाला गेलेली मॉरिसव्हिलची मोना, तिने सरळ फोनच लावला. यतीन फोन घेऊन जिन्यात गेला. राधिका मिनिटभर बसून राहिली, मग त्याच्यामागे गेली. तिचा राग गेलेला नव्हता. जायलाही नको.

संजीवने घसा खाकरला. किल्ली खिशातून काढून माझ्या हातात दिली. "चला, ऑल वेल दॅट... म्हणजे, गैरसमज दूर झाला. चहा घेऊ या?"

"आधी लिही," मी म्हणाले.

"यतीनने टाकलंय ना काकू."

"त्याने त्याचं टाकलं. तू माझ्याबद्दल लिहिलं होतंस. तुझं तू लिही."

त्याने लिहिलं. मी वाचलं. ‘अपघात तांत्रिक कारणामुळे झाल्याचे निष्पन्न झाले आहे.’

"पूस," मी म्हणाले.

"काकू, सेन्स तोच आहे."

"सेन्स तोच नाही. माझं वय काढलंस तेव्हा तांत्रिक कारण नव्हतं. पूस आणि नीट लिही."

तो प्रल्हादकडे बघायला लागला. प्रल्हाद आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर बोलला. "ती म्हणतेय ते लिही बाबा. आणि माझंही नाव घाल. मीसुद्धा गप्प बसलो होतो."

संजीवने पुसलं. अंगठे हळूहळू चालले. सुलेखा उभी राहून त्याच्या खांद्यावरून बघत होती आणि ‘अनवधान’च्या उलट कोणता शब्द होतो ते मोठ्याने सुचवत होती. शेवटी त्याने फोन खाली केला.

"पाठवू?"

"मोठ्याने वाच."

"‘लता काकूंची काहीही चूक नव्हती. त्यांनी सांगितलेलं आम्ही ऐकलं नाही आणि तपासलं नाही. त्यांचं वय काढायला नको होतं. चूक आमची. संजीव आणि प्रल्हाद काका.’"

"पुन्हा वाच," मी म्हणाले. "पहिल्यांदा प्रल्हाद नाक शिंकरत होता. मला नीट ऐकू आलं नाही."